दादीचं कफन दोरीवर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न वर्षातून एकदा तरी निघतोच. "तुमच्यात म्हणे हजहून येताना स्वतःचं कफन आणून घरात ठेवतात! रोज डोळ्यांसमोर ते. धसका नाही बसत?"

डोळ्यांसमोर नसतं, ट्रंकेत असतं. आमच्या दादीचं होतं. 1994 साली हजला गेली तेव्हा मक्केत जमजमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून, घडी घालून आणलेलं. बायकांच्या कफनाचे पाच कपडे: चादरीसारखी इजार, कुर्ता, ओढणी, छातीवर बांधायचा सीनाबंद आणि सगळ्यांवरून गुंडाळायची चादर, म्हणजे लिफाफा. पांढरं सुती कापड. त्याला शिलाई नाही, खिसा तर नाहीच नाही. ट्रंकेत खाली ठेवणीतल्या साड्या आणि वर हे. ईदला साडी काढायची तर आधी कफन उचलून बाजूला ठेवावं लागे. लहानपणी ते मी कितीदा तरी उचललंय. जड नव्हतं.

22 जुलै 2021ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आम्ही माणसं वरच्या मजल्यावर गेलो, ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर कफन चहाच्या रंगाचं झालेलं. चिखल उपसायचं काम चार दिवस चाललं, त्यातच दादीनं ते तीन-चार पाण्यांतून काढलं आणि अंगणातल्या दोरीवर माझ्या ओढण्यांशेजारी वाळत टाकलं. शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "आजी, चादर का ही?"

"माझीच. जायच्या वेळची."

काकू बादलीसकट दोन पावलं मागे सरल्या. मी हळूच म्हटलं, "दादी, जमजम सगळं धुऊन गेलं की गं." तर म्हणते, "वाशिष्ठीत तरी कुणाचं पाणी आहे?"

आता धसक्याचं. मौतीची आठवण पुष्कळ काढत जा, सगळ्या लज्जती मोडणारी तीच, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. तिच्यावरून कबरीतल्या अजाबाची, म्हणजे शिक्षेची, वर्णनं रंगवून माणसांना घाबरवणारे आमच्यातही आहेत. मला ते कधी पटलं नाही. घाबरलेला माणूस दुसऱ्याचं काय भलं करणार? दादीची आठवण काढण्याची रीत वेगळी होती. कुरआनात झोप आणि मौत एकाच आयतीत येतात: अल्लाह जीव मरतानाही काढून घेतो आणि झोपेतही, ज्याची वेळ झालेली नाही त्याचा परत पाठवतो. म्हणून सकाळी उठल्यावरची दुआ अशी की, ज्यानं आम्हाला मारून पुन्हा जिवंत केलं त्या अल्लाहची तारीफ. दादी ती म्हणायची आणि पांघरुणातून हात बाहेर काढून दहाही बोटं एकेक करून हलवून बघायची. संधिवात होता. "आठ हलतायत," असं सांगून मग चहा मागायची. ज्या दिवशी नऊ हलायची त्या दिवशी चहात आलं.

आणि तिची एक वही होती. दूधवाला, मासेवाली, पिको-फॉलवाली, कुणाचं काय देणं आहे ते त्यात. आमच्यात जनाज्याच्या नमाजीआधी घरचा माणूस पुढे येऊन सांगतो की मरहूमकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला भेटा, आणि काही चुकलं असेल तर माफ करा. हे साधं नाही. एका जनाज्यावर पैगंबरांनी विचारलं, याच्यावर कर्ज आहे का? तीन दीनार, असं कळल्यावर म्हणाले, मग तुमच्या साथीदाराची नमाज तुम्हीच पढा. तिथले एक साथीदार अबू कतादा म्हणाले, ते कर्ज माझ्याकडे लागलं. तेव्हा कुठे पैगंबरांनी नमाज पढवली.

दादी 2023च्या पावसाळ्यात गेली. अब्बांनी कब्रस्तानात विचारलं, कुणीच पुढे आलं नाही. वहीत मात्र एक ओळ न खोडलेली निघाली: मासेवाली, 40. तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन दारात आली तेव्हा अम्मीनं पैसे पुढे केले. तिला काही आठवेना. घेईना. अम्मी पण सोडेना. शेवटी तिनं चाळीस रुपये कमरेला खोचले आणि चार बांगडे उंबऱ्यात ठेवून निघून गेली. आता ते बांगडे कुणाच्या खात्यात, यावर आमच्याकडे संध्याकाळपर्यंत वाद चालला.

दादीच्या माघारी वही मी चालवते, पण मोबाईलवर. बुखारी या हदीसांच्या संग्रहात हदीस आहे की ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखं काही आहे, त्यानं ती लिहून जवळ ठेवल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत. माझ्याकडे वसीयत करण्यासारखं फार काही नाही. देणी आहेत. टेलरचे 150. लायब्ररीचं एक पुस्तक. आणि धाकटीला वाटणीच्या बोलण्यात नको ते बोलले, त्याची माफी.

टेलरचे दिले. पुस्तक पिशवीत भरलंय. धाकटीचं लिहून आज तिसरी रात्र.