आमची वाटचाल : तफावत आली की आधी आमची झडती

आम्ही पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. कराडला एका गाळ्यात रोजकीर्द आणि खतावणी संगणकावर आणून देण्यापासून सुरुवात झाली. पुढे ठेवी, कर्ज, पिग्मी (एजंट रोज फिरून गोळा करतो ती छोटी बचत), दिवसअखेरचा ताळमेळ असं एकेक जोडत गेलो. वाटचाल लिहायची म्हणजे ग्राहक किती वाढले ते सांगायची पद्धत आहे. पण आमच्या कामाला खरं वळण लावलं ते ब्रिटनमधल्या एका प्रकरणानं, म्हणून तेच लिहितो.

तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून शाखांमध्ये ‘होरायझन’ ही संगणक प्रणाली बसवायला घेतली. फुजित्सू या जपानी कंपनीच्या मालकीच्या आयसीएलनं ती बनवली होती. तिकडे बरीचशी पोस्टं सबपोस्टमास्तर चालवतात. ही करारावर काम करणारी दुकानदार मंडळी. एका बाजूला दुकान, दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. होरायझन नसलेली तूट दाखवू लागलं आणि ती पदरचे पैसे घालून भरा, असा तगादा सुरू झाला. मदतीसाठी फोन केला तर ‘असा त्रास फक्त तुम्हालाच आहे’ असं अनेकांना सांगण्यात आलं. लोकांनी घरावर कर्ज काढून पैसे भरले. तरीही १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे खटले भरले गेले. त्यातले बहुतेक पोस्ट ऑफिसनं स्वतःच भरले, कारण इंग्लंडमध्ये खाजगी फिर्याद चालवता येते. पैसे मागणारा तोच, तपास करणारा तोच आणि फिर्यादीही तोच!

सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा मूळ भारतीय. ७४,००० पौंड चोरल्याचा ठपका ठेवून नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना तुरुंगात धाडलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडला. त्या दिवशी अपील न्यायालयानं एकूण ३९ जणांना दोषमुक्त केलं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला यातले तांत्रिक तपशील जास्त बोचतात. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅल्मेलिंग्टनच्या शाखेत ८,००० पौंडांची रोकड जमा करताना स्क्रीन अडकला. काउंटरवरच्या बाईंनी पुन्हा पुन्हा एंटर दाबलं आणि तीच रक्कम चार वेळा चढली. पुस्तकात ३२,००० पौंड, पेटीत ८,०००. तूट २४,००० पौंडांची, आणि प्रत्यक्षात एक पैसाही हललेला नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की फुजित्सूचे कर्मचारी आपल्या ऑफिसात बसून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते आणि शाखा चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे. पोस्ट ऑफिस हे वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. वेल्समधल्या लँडिड्नोचे अॅलन बेट्स यांच्या नेतृत्वाखाली ५५५ जण कोर्टात गेले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांच्या निकालानं हे सगळं उघड झालं.

याच सुमारास एक पतसंस्था दुसऱ्या विक्रेत्याचं सॉफ्टवेअर सोडून आमच्याकडे आली. डेटा उतरवून घेताना एका पिग्मी एजंटाच्या नावावर तूट निघाली. त्याच्या कमिशनमधून ती दरमहा कापली जात होती, आणि गावात त्याच्याबद्दल नको ते बोललं जाऊ लागलं होतं. आमच्या मुलांनी नोंदी छापून हिरव्या पेनानं एकेक टिक केली. त्याच पावती क्रमांकाची नोंद दोनदा, मधे जेमतेम मिनिटाचं अंतर. गावात रेंज गेली की एजंटाचं पावतीचं मशीन तीच पावती पुन्हा पाठवत होतं. संस्थेच्या सचिवांनी कापलेले पैसे परत केले आणि संचालकांच्या सभेत त्याला बोलावून चहा पाजला. मला विचाराल तर त्या चहाचं मोल पैशांपेक्षा जास्त होतं.

तेव्हापासून आमचा शिरस्ता ठरला. कॅश शॉर्ट आली की कॅशियरला किंवा एजंटाला जाब विचारण्याआधी आमची झडती घ्यायची. आमच्या ऑफिसातून कोणीही संस्थेच्या डेटाला परस्पर हात लावत नाही; दुरुस्ती करायचीच तर सचिवांच्या लेखी परवानगीनं, आणि ती कोणी, कधी, का केली हे शाखेच्या स्क्रीनवर दिसतं. ‘रक्कम मान्य नाही’ असं बटण दिवसअखेरीला ठेवलंय. ते दाबलं की रक्कम वादग्रस्त म्हणून वेगळी राहते, कोणाच्या नावे पडत नाही. होरायझनमध्ये ही सोयच नव्हती. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं सक्तीचं आहे. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, त्यांना हा कंपनी नियम लागू नाही. आम्ही तरीही तो पाळतो.

होरायझन प्रकरणाची सरकारनं नेमलेली चौकशी निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्याकडे होती; तिच्या सुनावण्या यूट्यूबवर दिसायच्या. संध्याकाळी काम आटोपल्यावर आम्ही सगळे मिळून त्या पाहायचो. अहवालाचा पहिला खंड ८ जुलै २०२५ ला आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी जीव दिला असावा, असं त्यात नोंदवलंय. नव्या मुलांना कोडिंगला बसवण्याआधी आता आम्ही तो खंड वाचायला देतो.

नव्या पतसंस्थांच्या सचिवांना माझी एकच विनंती असते. सॉफ्टवेअर आमच्याकडून घ्या नाहीतर दुसऱ्याकडून, पण विक्रेत्याला विचारा की तुमची माणसं आमच्या नोंदी बदलू शकतात का, आणि बदलल्या तर आम्हाला कुठं दिसेल. उत्तर तोंडी घेऊ नका, करारात लिहून घ्या.