दोन्ही गाड्यांचे लाल दिवे

जुलै २०२१ च्या पुरातली ती दुपार अजून डोक्यातून जात नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्याही वर गेलेलं. रेडेडोह फुटून नदीचं पाणी पसरलेलं, पन्हाळा रस्ता बंद. आमची वायरलेसची गाडी वडणगेच्या बाजूला पाण्याच्या कडेला, आणि बोटी चिखलीत.

बोटीतल्या पोराच्या हातात चार-पाच वॅटचा वॉकीटॉकी, तोही पावसामुळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. दोन्हीकडं घरं. तिथून थेट डोंगरावरच्या रिपीटरपर्यंत, म्हणजे ऐकलेलं बोलणं लगेच पुढं पाठवणाऱ्या सेटपर्यंत, आवाज पोचणं अवघड. म्हणून मध्ये गाडीतला रिपीटर: वॉकीचं बोलणं यूएचएफ या एका रेडिओ पट्ट्यावर घ्यायचं आणि त्याच क्षणी व्हीएचएफ या दुसऱ्या पट्ट्यावर २५ वॅटनं डोंगराकडं सोडायचं. पोरांना एकच गोष्ट घोकून घेतलेली. बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही, एक श्वास थांबायचं. आधी गाडी उठते, मग डोंगर उठतो. घाई केली की पहिले दोन शब्द गेले, आणि गावाचं नाव नेमकं त्यातच असतं. टपावरच्या अँटेना, त्यांच्यातलं अंतर, अर्थिंगची पट्टी, सगळं माझ्या हातचं. सकाळपासून एकही निरोप अडला नव्हता.

मग दुसऱ्या एका खात्याची गाडी येऊन शेजारी लागली आणि कंट्रोल रूमवरून विचारणा सुरू झाली, "शिट्ट्या कसल्या वाजताहेत?" उतरून त्यांच्या गाडीत डोकावलो. चिखलीतून कुणीतरी बटण दाबलं, तसा आमच्या सेटवरचा लाल दिवा लागला आणि त्यांच्याही. एकाच वॉकीचं बोलणं दोन्ही गाड्या एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर डोंगराकडं पाठवत होत्या, आणि दोन्ही एकमेकांवर आदळून शिट्टी होत होती. टोन, म्हणजे कुणाचं बोलणं उचलायचं ते सेटला ओळखू येण्याची खूण, तीसुद्धा तीच. ज्यानं सेट पुरवले, त्यानं सगळ्या गाड्यांत एकच प्रोग्रॅम ओतलेला. चांगल्या सेटमध्ये यावर सोय असते. जागेवर कितीही गाड्या असोत, एकच बोलते, बाकीच्या गप्प रांगेत राहतात, ती निघाली की पुढची सुरू होते. आपल्याकडं ही सोय टेंडरमध्ये कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्यानं पुरात कधी गाडी उभी केलेली नसते.

"दादा, तुमचा बंद ठेवा जरा."

"सायबांनी चालू ठिवा म्हटलंय. तुमचाच बंद करा की."

साहेबांचा फोन लागेना. तेवढ्यात बोटीतून निरोप आला. म्हातारी पेशंट आहे, पाण्याच्या ओढीमुळं केर्लीच्या बाजूला लागतोय, तिकडं ॲम्ब्युलन्स पाठवा. कंट्रोलला शिट्टीतून कळलं ते 'पेशंट' आणि 'ॲम्ब्युलन्स' एवढंच. ॲम्ब्युलन्स आमच्याकडं आली आणि म्हातारी पलीकडं. मधला रस्ता पाण्याखाली. शेवटी केर्लीतल्या कुणीतरी तिला जीपमधून नेलं, असं संध्याकाळी कानावर आलं. पुढं तिचं काय झालं ते कळलं नाही.

मी वाद सोडून आमचाच सेट बंद केला. त्यांची अँटेना बॉनेटवर चुंबकानं चिकटवलेली. त्यामुळं आतल्या गल्ल्यांतलं बोलणं तुटत राहिलं, पण शिट्टी थांबली.

नंतर लेखी दिलं: टोन वेगळे करा, आणि जागेवर कुणाचा रिपीटर चालू राहील ते आधीच ठरवा. पुढच्या पावसाळ्याआधी त्या गाडीचं प्रोग्रॅमिंग बघायला मागितलं, तर उत्तर आलं, गाडी साहेबांबरोबर मुंबईला गेलीय.