तुम्ही विचारलेत म्हणून: कानविंदे यांच्या इमारतींत कोकण कोठे आहे?

मालवण तालुक्यात वास्तुरचनेचे काम करताना आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे आपल्या आचऱ्याचे, मग त्यांच्या इमारतींत कोकण कोठे दिसते? विचारणाऱ्याच्या मनात जांभ्याच्या भिंती, उतरती कौले, पडवी आणि खळे असते. छायाचित्रांत मात्र त्याला उघडे काँक्रीट दिसते. आचरे सर्वांना ठाऊक आहे ते रामेश्वरामुळे आणि गावपळणीमुळे, म्हणजे सारे गाव काही दिवस वेशीबाहेर जाऊन राहते त्या प्रथेमुळे. भारतीय आधुनिक वास्तुकलेच्या पहिल्या पिढीतला एवढा मोठा माणूस १९१६ मध्ये तेथे जन्मला, हे अजून सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तराची सुरुवात छपरापासून नव्हे, काम देणाऱ्यापासून करावी लागते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून कानविंदे १९४३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली नुकत्याच स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि त्या बांधण्याचा अनुभव येथे फारसा कोणाजवळ नव्हता, म्हणून १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवले. पाठवणारे सरकार ब्रिटिशांचे होते. कानविंदे परतले १९४७ मध्ये. हार्वर्डमध्ये त्यांना शिकवणारे वॉल्टर ग्रोपियस स्वतः जर्मनी सोडून आलेले होते, आणि त्यांनी १९१९ मध्ये वायमारला सुरू केलेली बाउहाउस ही आधुनिक रचनेची शाळा नाझींच्या दडपणाखाली १९३३ मध्ये बंद पडली होती. जर्मनीत नकोसा झालेला तो आधुनिक विचार पुढे कानविंदे यांच्या हातून अहमदाबादेत कापड उद्योगाच्या संशोधन संस्थेची, म्हणजे अटिराची, इमारत होऊन उभा राहिला.

नव्या राष्ट्राचा चेहरा जुन्या रूपांतून घ्यावा की नव्याने घडवावा, यावर त्या काळी खरा वाद होता. १९५६ मध्ये दिल्लीत विज्ञान भवन झाले, तेव्हा त्याच्या प्रवेशद्वारावर बौद्ध लेण्यांतल्यासारखी चैत्यकमान आली. कानविंदे या वादात दुसऱ्या बाजूला होते. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत भरवलेल्या वास्तुकलेच्या परिसंवादाचे निमंत्रक तेच होते. उद्घाटनाला आलेले नेहरू तेथे चंडीगडविषयी म्हणाले की ते आवडो वा न आवडो, ते डोक्यावर आदळते आणि विचार करायला लावते. कानपूरच्या आयआयटीवर कानविंदे यांनी आचऱ्याची कौले चढवली असती, तर तीही त्या चैत्यकमानीसारखीच वरून लावलेली ठरली असती. त्यांनी तेथे काँक्रीटचा सांगाडा आणि विटांच्या भिंती उघड्या ठेवल्या, आणि उत्तरेच्या उन्हात मुलांना सावलीतून जाता यावे अशा झाकलेल्या, उंचावरच्या मार्गांनी इमारती एकमेकींना जोडल्या.

या पिढीचे काम राजवटीच्या स्थैर्यावर किती अवलंबून होते, हे ढाक्याकडे पाहिले की कळते. १९२३ मध्ये जन्मलेले वास्तुरचनाकार मुझहरुल इस्लाम यांनी १९५० च्या दशकात तेथे कला महाविद्यालयाची अतिशय सुंदर इमारत उभारली. अयुब खानांच्या राजवटीने ढाक्यात विधानभवनाचा घाट घातला, तेव्हा ते मोठे काम स्वतःकडे न ठेवता इस्लाम यांनी अमेरिकी वास्तुरचनाकार लुई कान यांना बोलावण्याचा आग्रह धरला. १९७१ च्या युद्धात बांधकाम थांबले. पाकिस्तानसाठी सुरू झालेली ती वास्तू बांगलादेशाची संसद म्हणून १९८० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाली, आणि कान तर १९७४ मध्येच वारले होते. स्वतः इस्लाम यांच्या वाट्याला पुढे फार थोडी कामे आली, आणि त्यांच्या बुद्धीच्या मानाने हे नुकसान फार मोठे होते, असे मला वाटते. कानविंदे यांच्या वाट्याला असा तुटलेला काळ आला नाही. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला, तरी विद्यापीठे, संशोधन संस्था आणि सहकारी दूध संघ त्यांच्याकडे येतच राहिले.

तेव्हा कोकण शोधायचेच असेल, तर मी मेहसाण्याची दूधसागर डेअरी दाखवतो. १९७० च्या दशकात बांधलेल्या त्या इमारतीच्या माथ्यावर मनोऱ्यांसारखे उंच झरोके उठलेले आहेत, कारण दुधावर प्रक्रिया करताना तापलेली हवा वर चढते आणि तिला बाहेर वाट हवी असते. आपल्या घरांची उतरण जशी पावसामुळे आली, तसे ते मनोरे त्या उष्णतेमुळे आले. म्हणून विद्यार्थ्यांना मी तिच्या दर्शनी भागाऐवजी तिचा छेद, म्हणजे उभी कापल्यावर आतून दिसेल तसे चित्र, काढायला सांगतो, आणि त्याच कागदावर शेजारी स्वतःच्या घराचा.