देवाचं पथ्य, डॉक्टरचं पथ्य

धोंड्याच्या महिन्यात लग्नं बंद असतात, पण जावयांची जेवणं जोरात असतात. 2023 ला अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. बाहेर पाऊस आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, तेहतीस अनारसे. पावसाळ्यात अनारसे करणं म्हणजे जिवावरचं काम. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरायचे. पण ओलं तर नको आणि कोरडंही नको. त्या महिन्यात माझ्या जळगावच्या घरात पंख्याखाली माणसं कमी आणि तांदूळ जास्त होते.

मी घरगुती कार्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या घरातून ताईंचा फोन आला. "माणसं पंचवीसच आहेत, पण बाया पाठवू नको, तू स्वतः ये." एवढ्याशा माणसांसाठी आमच्याकडे कोणी आचारी बोलवत नाही, घरच्याच बाया उरकतात. मी कारण विचारलं तर ताई रडायलाच लागल्या.

त्यांचा जावई पुण्याला नोकरीला. लग्नानंतर वजन उतरत गेलं, रक्त वाढेना, पोट कायम बिघडलेलं. शेवटी रक्ताची तपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा सिलिॲक निघालं. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. त्याला गोळी नाही. गहू, मैदा, रवा, जव जन्मभर बंद, एवढाच इलाज. आदल्या दिवाळीत हा माणूस सासुरवाडीला आला, "एक करंजी तरी घ्याच" म्हणून पाच जणींनी पाच करंज्या वाढल्या, आणि त्यानं भिडेखातर खाल्ल्या. पुण्याला गेल्यावर आठवडाभर अंथरुणाला. तेव्हापासून पोरीनं माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. आता धोंड्याचं वाण न्यायला यायला तयार झाली ते एकाच अटीवर, नवऱ्याचं ताट आई-काकू-आजीनं नाही, बाहेरच्या बाईनं बघायचं.

दुसरं पथ्य विहीणबाईंचं. त्या माळकरी, कांदा-लसूण बंद. वर चातुर्मास, म्हणजे वांगं चंपाषष्ठीपर्यंत घरात येणार नाही. खानदेशात कांदा, लसूण आणि वांगं काढून पाहुण्याला जेवू घालायचं तर डोकं लावावं लागतं. मी ठरवलं: वरण-बट्टी, गंगाफळाची भाजी, कढी आणि फुनके, भात. जावयाला गव्हाच्या बट्टीच्या जागी कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद, त्यात गहू कुठून येणार? फुनके म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, अनारसे तांदळाचे. आपलं निम्मं जेवण मुळातच गव्हाशिवायचं आहे, हे मलाही तेव्हाच नीट लक्षात आलं. धोंडे तेवढे कणकेचे, ते त्याच्यापुरते तांदळाच्या उकडीत पुरण भरून करायचे.

मुलीनं मला व्हॉट्सअपवर भला मोठा आवाजी निरोप पाठवला होता. पहिलं वाक्य, "मावशी, तुमची हिंगाची डबी वाचा." वाचली. बारीक अक्षरात गव्हाचं पीठ. बाजारातला बांधणीचा हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. आता गंमत बघा. कांदा-लसूण बंद म्हटलं की आम्ही आचारी काय करतो? हिंग दुप्पट टाकतो. म्हणजे विहिणीचं पथ्य सांभाळताना मी तिच्याच लेकाच्या वरणात गहू टाकणार होते. हिंग सगळ्यांसाठीच काढून टाकला. जिरं, ओवा, आलं, सुकी मिरची, भरपूर कढीपत्ता, वर तिळाचा कूट. कोणाला कळलंही नाही.

मग गिरणी. गिरणीच्या दगडात आधीचं दळण राहतंच, आणि आधीचं दळण दहात नऊ वेळा गव्हाचंच. पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत बसावं लागतं असं मुलीनं सांगितलं होतं. गिरणीच्या तोंडाला चिकटलेली पांढरी भुकटी त्यापुढे डोंगरच. ज्वारी-उडीद दाणा दाणा निवडले, धुतले, पंख्याखाली वाळवले आणि नव्या भांड्यात मिक्सरवर काढले. चाळणी नवी, परात घासून, लाटण्याचा प्रश्नच नाही, भाकरी हातावर. ताटं नकोच म्हटलं, सगळ्यांना केळीचं पान. दारात बाग असताना परवानगी कोणाची घ्यायची? एका पंगतीत एकाचंच ताट वेगळं दिसणं त्या माणसाला नको होतं.

एवढं सगळं झालं आणि घोळ कढईत झाला.

मी दोन कढया ठेवल्या होत्या. मोठीत बट्टी तळायची, लहानीत जावयाचे तांदळाचे धोंडे. लहान कढईत घरचं साजूक तूप, दोन किलोच्या आसपास. मी उकड मळायला परसात गेले, परत आले तर काकू उकडलेल्या बट्टीच्या फोडी लहान कढईत सोडत होत्या. "तूप तापलंच होतं, म्हटलं वाया कायले घालवा." फोडी छान लालसर तळून निघत होत्या, काकूंचा चेहरा खूश. मी गॅस बंद केला आणि कढई उचलून बाजूला ठेवली. म्हटलं, "हे तूप आता त्यांच्या कामाचं नाही. दुसरं लागेल."

झालं. काकू म्हणाल्या, "तुपात काय गहू विरघळतो का?" ताई म्हणाल्या, तुला सांगितलं होतं ना इकडे यायचं नाही. काकू म्हणाल्या, हो, आम्ही तर घरातल्या कोणी नाहीच, भाड्यानं आणलेली बाई मालकीण. मग शेताच्या वाटणीपासूनचं सगळं निघालं, ते इथे लिहीत नाही. आजी पाटावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली. "आमच्या जिंदगीत गहू खाऊन कोन्हाले काही झालं नाही. पोरीनंच त्याले नाजूक करून ठेवलं. एक धोंडा कनकीचा खाल्लाच पाहिजे त्यानं, शास्त्राले. एका घासानं काय व्हतं?"

मला बोलायचं नव्हतं. आपण ऑर्डर घेतलेली, घरच्या भांडणात पडलं की पैसे तरी बुडतात नाहीतर नाव तरी. पण तोंडातून गेलंच. "आजी, विहीणबाईंच्या भाजीत कांद्याची एक फोड पडली तर?"

"आगं बाई! पुरं पातेलं बाजूले काढावं लागीन."

"एका फोडीनं?"

आजी जराही अडखळल्या नाहीत. "ते देवाचं हाये. हे डाक्टरचं."

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. त्या घरात विहीणबाईंच्या माळेसाठी सकाळपासून कोणी तक्रार केली नव्हती. कांद्याची टोपली न सांगता गोठ्यात गेली होती. आणि ज्याचं आतडं सोलून निघतं त्याचे मात्र नखरे.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. किती वेळच्या, कोण जाणे. धुळ्याकडच्या शांत बाई, तोवर चार शब्द बोलल्या नव्हत्या. आत येऊन आजींच्या शेजारी खाली बसल्या. म्हणाल्या, "मी पण वर्षभर ऐकलं नाही हो. दर पौर्णिमेला सत्यनारायण, शिऱ्याचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवायची. प्रसादानं कोणाला बाधतं का, म्हणायची. तो गपचूप खायचा आणि रात्री संडासात बसायचा. सुनेनं भांडून बंद केलं. दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही." मग काकूंकडे बघून, "तूप नवीन घ्या. लागतील तेवढे पैसे मी देते."

पाहुणीनं पैशांचं नाव काढल्यावर घरात कोण काय बोलणार? काकूंनीच कपाटातून दुसरा डबा आणून माझ्यासमोर आदळला.

पंगत दुपारी दोनला बसली. मुलगी आणि जावई पाटावर, समोर निरांजन, वाणाच्या ताटात अनारसे. आजींनी तरीही कणकेचा एक धोंडा त्याच्या पानाच्या कडेला ठेवलाच, मी बघत असताना. मुलीचा हात हवेत थांबला. जावयानं धोंडा उचलला, नमस्कार केला आणि खाली मान घालून आजींना म्हणाला, "आजी, हा मी खाणार नाही. मागच्या वेळी भिडेनं खाल्लं, आता नाही खाणार. गाईला घालू का?" मोठ्यानं नाही, पण पंगतीत सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटतं त्या माणसानं सासुरवाडीत पहिल्यांदाच नाही म्हटलं असावं. सासरे, जे सकाळपासून ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, ते म्हणाले, "घाला, घाला. गाय आपलीच आहे." तो धोंडा काढल्यावर मी त्याचं पान बदललं.

भाकरी त्यानं चार खाल्ल्या. फुनके दोनदा मागितले. आजींनी एक अनारसा तोडून बघितला, जाळी बघितली आणि "जरा जाड झाले" म्हणाल्या. झाले होते खरे. ओलीचे दिवस होते.

हिशोबाच्या वेळी काकू जवळच उभ्या होत्या. मी तुपाचं काहीच लावलं नाही, तूप त्यांच्या घरचंच होतं. बट्टी तळलेलं ते दोन किलो तूप मात्र गाळून बरणीत भरून ठेवायला सांगितलं, आणि वर चिठ्ठी लावायला, गव्हाचं. काकू म्हणाल्या, चिठ्ठी कायले, आम्हालाच तर खायचं आहे. ताईंनी चिठ्ठी लावली.