बुग नदीकाठचा ब्रेस्टचा किल्ला

बेलारूसच्या पश्चिम टोकाला, मुखावेत्स नदी जिथे बुगला मिळते, तिथे ब्रेस्टचा किल्ला उभा आहे. काँक्रीटच्या अजस्र भिंतीत कोरलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या प्रवेशद्वारातून आत जाताना युद्धाची घोषणा वाचणारे मॉस्को रेडिओचे निवेदक युरी लेवितान यांचा मुद्रित आवाज कानी पडतो आणि पावले आपोआप मंदावतात.

बुगच्या पलीकडे पोलंड आहे. 1939 मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने तो देश वाटून घेतल्यावर इथे हीच नदी त्यांची सीमा झाली. 22 जून 1941 रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास पलीकडून तोफा धडाडल्या, तेव्हा किल्ल्यातील सोव्हिएत सैनिक झोपेत होते आणि अधिकाऱ्यांची बायकामुलेही तिथेच होती. 'बार्बारोसा' या सोव्हिएत संघावरील आक्रमणाच्या मोहिमेसाठी तीस लाखांहून अधिक जर्मन सैनिक सीमेवर गोळा झाले होते. एवढी जमवाजमव लपणे शक्यच नव्हते. हेरांनी, ब्रिटनने, इतकेच काय, सीमा ओलांडून आलेल्या एका जर्मन सैनिकानेही इशारा दिला होता. तरीही स्टालिनने हल्ल्याची शक्यता मान्य केली नाही आणि धान्य व कच्चा माल घेऊन निघालेल्या सोव्हिएत आगगाड्या अखेरच्या रात्रीपर्यंत जर्मनीकडे जात राहिल्या. ही माणसे बेसावध सापडली याचा दोष मी मॉस्कोलाच देतो.

लाल विटांच्या खोल्म दरवाजावर गोळ्यांच्या खुणा इतक्या दाट आहेत की, मी बराच वेळ तिथून हललो नाही. पकडल्या गेलेल्या कमिसार (सैन्यातील राजकीय अधिकारी) येफिम फोमिन यांना याच परिसरात गोळ्या घातल्या गेल्या. जवळच 'तहान' हे शिल्प आहे: शिरस्त्राण हाती धरून पाण्याकडे सरपटणारा सैनिक. नदी काही पावलांवर होती, पण काठावर जर्मन मशीनगनचा मारा सुरू असल्याने वेढ्यातील माणसे पाण्यावाचून तडफडली. 28 जूनला मिन्स्क पडले, म्हणजे आघाडी तीनशे किलोमीटरहून पुढे सरकली, तेव्हाही पूर्वेकडील बुरुजात मेजर प्योत्र गाव्रिलोव्ह यांची तुकडी लढत होती. ते स्वतः 23 जुलैला जखमी अवस्थेत पकडले गेले.

1945 मध्ये कैदेतून सुटलेल्या या मेजरना कम्युनिस्ट पक्षातून काढून टाकण्यात आले. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब त्यांना मिळाला तो थेट 1957 मध्ये. तो बुरुज पाहताना मला या बारा वर्षांचाच अधिक संताप आला.