दोन पिल्लं जास्तीची

घरटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवतो म्हणून सांगितल्यावर आई फोनवर किंचाळलीच, "अगं, पिल्लांसकट?" नाही गं. पिल्लं तेवढा वेळ गरम पाण्याच्या बाटलीला टेकून कापडी पिशवीत असतात.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या जंगलात एक वसंत मी वल्गुली या छोट्या पक्ष्याच्या घरटे-पेट्या सांभाळल्या. आपल्याकडची वल्गुली राखी, तिथली पोटाला पिवळीधमक. शेवाळाच्या घरट्यात तळाशी कोंबड्यांवरच्या पिसवा असतात. त्यांच्या अळ्या रक्त पीत नाहीत, मोठ्या पिसवांच्या रक्ताळ विष्ठेवर जगतात. चावतात त्या मोठ्या. म्हणून आधी सगळी घरटी तापवून पिसवा मारायच्या आणि मग निम्म्या घरट्यांत जिवंत पिसवा मोजून सोडायच्या, म्हणजे त्यांनी काय फरक पडतो ते कळतं. पहिल्याच दिवशी मी पिसवांच्या नळीचं बूच नीट लावलं नाही. पुढचे चार दिवस मोज्यांच्या वर खाजवत बसले.

खरं अवघड काम पिल्लांचं. अंड्यातून निघून दोन दिवस झाले की काही पेट्यांतली दोन पिल्लं उचलून दुसऱ्या पेट्यांत टाकायची, म्हणजे कुठे कुटुंब मोठं, कुठे लहान. ओळख पटावी म्हणून डोक्यावरची लव ठरावीक जागी कातरायची. मी ४७ च्या जागी ७४ मध्ये टाकली. संध्याकाळी वही जुळवताना कळलं. रडू आलं. आमच्या गटप्रमुख शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही पेट्या बाद. दुरुस्त करायला जाऊ नकोस."

पंधराव्या दिवशी वजन आणि पायात कडं. त्यानंतर पेटी उघडायची नाही, पिल्लं घाबरून वेळेआधीच उड्या टाकतात. पिसवावाल्या पेट्यांत रोडकी पिल्लं दिसतील असं धरून चालले होते, पण काही पेट्यांत काटा फारसा हललाच नाही. मग बापाकडे बघायला शिकले. पिसवा असल्या की पिल्लं जास्त भूक-भूक करतात आणि त्यांना भरवायला झाडांवरच्या अळ्या आणायच्या खेपा वाढवतो तो बाप, आई नाही. तिची रात्र घरटं साफ करण्यात जाते, झोप कमी होते. १९९५ मध्ये स्विस संशोधकांनी दाखवलं होतं, की दोन पिल्लं जास्त दिलेल्या नरांमध्ये पक्ष्यांच्या मलेरियाचं प्रमाण वाढतं. माद्यांमध्ये तसं दिसलं नाही.

शेवटच्या आठवड्यात जास्तीच्या पिल्लांच्या पेटीवरचा एक नर जाळीत पकडला. मुठीत त्याची छाती धडधडत होती. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सोडला. काचपट्टी वाळेपर्यंत तो तोंडात हिरवी अळी घेऊन पेटीवर हजर.