दोन बुधले आणि एक तुरट बाटली

नव्या घराच्या परसात सफरचंदाची दोन झाडं निघाली आणि मला सायडर करायची हुक्की आली. सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. ऑक्टोबरात रस काढला, दोन काचेच्या बुधल्यांत वेगवेगळा भरला, वर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी बुचं) लावले आणि हिवाळाभर जिन्याखालचं गुडगुडणं ऐकत राहिलो. फेब्रुवारीत पहिला घोट घेतला. एका बुधल्यातली इतकी आंबट की डोळे आपसूक मिटले. दुसरीला चवच नाही, ग्लास विसळलेलं पाणी जणू.

हायड्रोमीटर रसाची घनता मोजतो, साखर संपत गेली की आकडा उतरतो. सुरुवातीला १.०४८ दाखवणारा माझा आता ०.९९८ वर होता. यीस्टने साखरेचा कण न् कण फस्त केला होता. अल्कोहोल साडेसहा टक्क्यांच्या घरात. रसात साखरेआड दडलेलं मॅलिक आम्ल आता उघडं पडलं होतं. मग घाला साखर! ग्लासात चमचाभर ढवळली. आंबटगोड झालं खरं, पण घोट गिळला की तोंडात मागे काही उरेना.

काय कमी आहे ते शेजारच्या आजोबांनी सांगितलं, म्हणजे सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी एक तपकिरी बाटली आणून ठेवली. खास सायडरच्या सफरचंदांची. "नुसती पिऊ नकोस," एवढंच बोलले. मी अर्थातच प्यायलो. जीभ कोरडी पडली, हिरड्या आवळल्या. तुरट! इकडे हे समजावायला लोक टॅनिनवर, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यावर, दहा मिनिटं बोलतात, आपल्याकडे षड्रसांत त्याची जागा केव्हाचीच ठरलेली आहे. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात प्राध्यापक बार्कर यांनी १९०३ साली सायडरच्या सफरचंदांची विभागणी केली तीही याच दोन गोष्टींवर: आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली, टॅनिन ०.२ च्या वर की खाली. माझी दोन्ही झाडं टॅनिनच्या बाबतीत कोरडी ठणठणीत.

मग रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर सहा ग्लास मांडले, सुई काढलेली १० मिलीची सिरिंज घेतली आणि प्रत्येकाखाली प्रमाण लिहिलेली चिठ्ठी सरकवली. अर्धी-अर्धी आंबट आणि फिकी: बरी, पण पोकळ. ३० आंबट, ५० फिकी, २० तुरट: इथे मी थांबलो. पुन्हा चाखली. बायकोला चिठ्ठी न दाखवता सगळे ग्लास दिले, तिनेही तोच उचलला. तुरट सायडर मिळाली नसती तर कडक कोरा चहा थेंबाथेंबाने घालून पाहिला असता, त्यातही टॅनिनच असतं. मात्र व्हिनेगरचा वास मारणारी सायडर मिश्रणात मुळीच घालू नये, ती चांगलीलाही घेऊन बुडते.

गोडवा आणायची वेळ यानंतरची, आणि खरा धोका इथे आहे. साखर घालून बूच लावलं की उरलंसुरलं यीस्ट जागं होतं. लिटरला २४ ग्रॅम साखरेवर शॅम्पेनच्या जाड बाटलीत सहा वातावरणांचा दाब तयार होतो, साध्या बाटलीचं काय होईल बघा. ते थोपवायला पोटॅशियम सॉर्बेट घालतात, पण त्याने यीस्ट मरत नाही, फक्त वाढत नाही, म्हणून सायडर आधी नितळ हवी आणि जोडीला जीवाणूंना आवर घालणारं सल्फाइटही हवं. सल्फाइट टाळलं तर काही जीवाणू सॉर्बेटपासून जिरेनियमच्या पानांचा वास तयार करतात, आणि तो जात नाही. झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ यीस्टला पचत नाही, पण कुत्र्यांना ते विषारी आहे. आमच्या घरात कुत्रा आहे, विषय संपला.

मी आळशी मार्ग धरला. मिश्रण करून महिनाभर पुन्हा एअरलॉकखाली ठेवलं, कारण दोन शांत सायडर एकत्र आल्या की कधीकधी पुन्हा फसफसतात. मग कोरडीच, म्हणजे गोड न करता, बाटलीत भरली. ओतताना ग्लासात सफरचंदाचा ताजा रस घालतो, दहाला एक. पाहुण्याला गोड हवी तर जरा जास्त.

आंबट सायडर पाचेक लिटर उरली आहे. जिन्याखालच्या त्या बुधल्यावर बायकोने चिठ्ठी चिकटवली आहे: "पुढच्या वर्षीसाठी. ओतून देऊ नये. पिऊही नये."